ओला गज

नेओमीची अट एकच होती. बंदूक उडवतानाचा फोटो तिच्या बाबांच्या, हार्लनच्या, फोटोसारखा हवा: चकमकीची ठिणगी, नळीच्या बाजूच्या पेल्यातल्या बारुदीचा भडका आणि नळीतून निघालेली ज्वाळा, तिन्ही एकाच चौकटीत. हार्लनचा तो फोटो मीच काढला होता. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या क्लबच्या भिंतीवर तो अकरा वर्षं लटकतोय, आणि त्याच्यासमोरून जाताना मी मान खाली घालतो.

फोटो उत्तम होता. तरी त्या दिवशी मला आणखी एक हवा होता.

ठासणीच्या बंदुकीचा बार झाला की गजाला ओलं फडकं गुंडाळून नळी पुसायची, आत निखारा राहिला असेल तर विझवायचा आणि मगच नवी बारूद ओतायची. आमच्याकडे पोरंटोरंही हे जाणतात. त्या दिवशी हार्लननं नळी पुसली नाही. बारूद भरून ठेवायच्या शिंगातून ती नळीत ओतताना शिंग त्याच्या हातातच फुटलं आणि तो जागीच गेला. हार्लन वेंधळाच, असं सगळे म्हणाले. मीही मान डोलावली.

या ऑक्टोबरात नेओमी त्याच कुरणात तीच बंदूक घेऊन उभी राहिली.

"वेंडेल काका, पोट आत घेऊ का?"

"बंदुकीकडे बघ. तुझं पोट कोण बघतंय!"

गोळी नव्हती, नुसत्या बारुदीचे बार. पहिला फोटो काळपट आला. मागे मेपलच्या बुंध्याला टेकवलेला गज मात्र स्पष्ट दिसत होता. नेओमीनं नळी पुसली आणि गज पुन्हा तिथेच टेकवला.

दुसऱ्या फोटोत ठिणगी आली, पण बुंध्याशी गज नव्हता. मी मान वर केली. गज जागेवरच होता. माझंच डोकं फिरलंय, असं स्वतःला सांगितलं.

तिनं पुन्हा नळी पुसली, गज टेकवला आणि तिसरा बार काढला. तिसऱ्या फोटोत गज तिच्या खांद्यामागे उभा होता. त्याला कुणी धरलेलं नव्हतं.

"आलं का मनासारखं?" नेओमीनं विचारलं.

तेव्हाच थांबायला हवं होतं. पण त्या फोटोत ज्वाळा अर्धीच आली होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "आणखी एक."

सूर्य डोंगराआड चालला होता. तिनं शिंगाचं बूच काढलं. गज बुंध्याशीच होता.

"अगं, नळी पुसायची राहिली!"

"तुम्हीच म्हणालात ना आत्ता? 'राहू दे पुसणं, उजेड चाललाय.'"

मी तोंडही उघडलं नव्हतं. हे शब्द मी आयुष्यात एकदाच बोललो होतो. तेव्हा इथे फक्त हार्लन होता.

"शिंग खाली ठेव!" मी ओरडलो.

तिनं ठेवलं. गज आणून नळीत घातला. आतून चर्र आवाज आला. दोघांनीही ऐकला.

"हे मी तुझ्या बाबाला म्हणालो होतो," मी म्हणालो. "तो गज उचलतच होता, नेओमी. मी नको म्हणालो."

तिनं गज नळीतून ओढून काढला. फडकं काळं झालं होतं.

"आई मरेपर्यंत बाबाला वेंधळा म्हणत होती," ती म्हणाली. "आणि तुम्ही तिच्याच टेबलाशी बसून जेवायचात."

बंदूक आणि गज घेऊन ती निघून गेली. मी कॅमेरा पिशवीत ठेवला. तिला कोणत्या तोंडानं हाक मारणार?

चौथा फोटो मी काढलाच नव्हता. घरी आल्यावर कॅमेऱ्यात तो सापडला. त्यात नेओमी नव्हती. कुरण होतं, मेपल होता, आणि अगदी पुढ्यात, भिंगाच्या काचेला भिडेल इतक्या जवळ, गजावरचं ओलं फडकं.

मी कॅमेरा उलटा केला. काचेवरून काळं पाणी माझ्या बोटांवर ओघळलं.

अजून कोमट होतं.