बबनआजांच्या मधातलं सूर्यफूल

सगळ्यात जास्त जपणाऱ्या माणसाच्याच माश्या का मेल्या?

मी नऊ वर्षांची होते तेव्हा हे कोडं आमच्यासमोर आलं. त्याचं उत्तर मिळालं, पण कोडं काही मला सोडून गेलं नाही. म्हणून मुलांनो, आज ते तुम्हाला सांगते.

आधी तो काळ सांगायला हवा. सपाटीवरच्या मधमाश्या तोवर संपल्या होत्या. कलिंगडाच्या आणि भोपळ्याच्या शेतांवर अंगठ्याएवढी उडती यंत्रं फिरत. ती फुलाफुलाला शिवून जात, मग फळ धरे. सगळे त्यांना ‘पाखरं’ म्हणत. पाखरांना मध करता येत नसे. तरी दुकानांत मधाच्या बाटल्या रांगेनं उभ्या असत आणि तो मध येतो कुठून, हे कुणी विचारत नसे. डोंगरातल्या मधपेट्या उरल्या होत्या त्या जावळीच्या रानापलीकडच्या दोन-तीन खोऱ्यांत.

तिथल्या वेळंबे नावाच्या वाडीत बबन ढेबे राहत. मी त्यांना बबनआजा म्हणायची. दर वैशाखात आत्या मला घेऊन त्यांच्याकडे मध आणायला जाई. बाटल्या आपण घरून न्यायच्या, गरम पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून. आजा प्रत्येक बाटली आधी नाकाला लावत.

“लोणच्याचा वास येतोय,” म्हणून एकदा त्यांनी आमची बाटली ओढ्यावर परत धुवायला पाठवली होती.

मध काढला की पहिला चमचा आमच्या बाटलीत पडत नसे. तो पळसाच्या पानावर ओतून आजा वाडीमागच्या शेंदूर लावलेल्या दगडावर ठेवत. “रानाचा वाटा,” ते म्हणत. “त्याचंच हाय. आपुन मधले हमाल.”

त्या वर्षी निरोप आला, की आजांच्या चौदा पेट्यांपैकी अकरा मेल्या. शेजारच्या खोऱ्यात मात्र एकही पेटी दगावली नव्हती. माझी आत्या परागशास्त्रज्ञ होती (परागकण म्हणजे फुलातली पिवळी भुकटी, तिच्यावरून माग काढणारी). त्यामुळे त्या खेपेला आमच्याबरोबर बाटल्या होत्या, आणि भुंग्याही होता.

भुंग्या म्हणजे कुकरएवढा यंत्रमानव. चार पाय आणि एकच डोळा. तो डोळा म्हणजे सूक्ष्मदर्शक (न दिसणाऱ्या बारीक वस्तू मोठ्या करून दाखवणारं भिंग).

आजा अंगणात बसले होते. समोर रिकाम्या पेट्या. एका चौकटीतलं पोळं त्यांनी दाखवलं. पांढऱ्याशुभ्र असायच्या त्या अळ्या काळ्या पडून घरांच्या तळाशी चिकटल्या होत्या. आंबूस वास येत होता. मी नाक धरलं, मग आजांकडे बघून हात खाली घेतला.

“नमस्कार, ढेबे महोदय,” भुंग्या म्हणाला.

“ह्यो डबा बोलतो व्हय?” आजा म्हणाले. पण हसले नाहीत.

आत्यानं त्यांच्याकडून आठवड्यापूर्वी काढलेल्या मधाचा एक थेंब घेतला आणि भुंग्याच्या डोळ्याखाली ठेवला. भिंतीवर चित्र उमटलं.

“बघ मैथू,” आत्या मला म्हणाली. “माशी फुलातून रस आणते, तेव्हा तिच्या अंगाला लागलेले परागकण मधात पडतात. प्रत्येक झाडाच्या कणाचा आकार वेगळा. हा तीन कोनांचा दिसतो ना, तो जांभळाचा. हा भोपळ्यासारख्या फाका असलेला हिरड्याचा. थेंबभर मधावरून सांगता येतं, की माशी कुठल्या रानात फिरली. मधाचा पत्ताच म्हण ना.”

मी जांभळं मोजत होते. तेवढ्यात मला एक वेगळाच गोळा दिसला. सगळ्या अंगावर काटे.

“हा कोण?”

“सूर्यफूल,” भुंग्या म्हणाला. “शंभरात सात कण.”

आत्या चित्राजवळ सरकली. मग तिनं विचारलं, “भुंग्या, इथून सगळ्यात जवळचं सूर्यफूल?”

“एकशे दहा किलोमीटर.”

“आणि इथे पेट्यांत पाळतात ती सातेरी माशी पेटीपासून किती लांब जाते?”

“दीड, फार तर दोन किलोमीटर.”

आजा उठून उभे राहिले. “म्हंजी म्या बाहेरचा मध मिसळला म्हणतोस? चाळीस वर्सं मध इकतोय म्या! एक थेंब कुणाचा मिसळला न्हाय.”

“मी काही म्हणत नाही,” भुंग्या म्हणाला. “मी फक्त मोजतो.”

“मग नीट मोज!”

भुंग्यानं पुन्हा मोजलं. पुन्हा सात.

मला वाईट वाटलं. आजा खोटं बोलत नाहीत, हे मला माहीत होतं. भुंग्यालाही खोटं बोलता येत नव्हतं. दोघंही खरे असतील तर सूर्यफूल आलं कुठून? माणसानं मिसळलं नाही, तर माशीनं आणलं. माशी तर एवढं लांब उडत नाही. मग ते तिच्या घरापाशीच आलेलं असणार.

“आजा,” मी विचारलं, “पावसाळ्यात फुलं नसतात, तेव्हा माश्या काय खातात?”

“साखरंचं पानी देतात समदे.”

“तुम्हीपण?”

 आजा घरात गेले आणि माळ्यावरून एक रिकामी बाटली घेऊन आले. तिच्यावर हिरव्यागार डोंगराचं चित्र होतं. खाली लिहिलं होतं, ‘आपल्या डोंगरातला मध’.

“गेल्या साली पाऊस सरता सरंना,” ते म्हणाले. “पेट्यांतला मध सपला. माश्या कळवळत व्हत्या. म्हनलं, कारखान्याची साखर कशाला? लेकरावानी हायेत, त्यास्नी मधच द्यावा. शहरातनं धा बाटल्या आनल्या.”

आत्यानं बाटलीच्या तळाची चिकट कड खरवडली. भिंतीवर सूर्यफूल आलं, मोहरी आली, आणखी कुठकुठले कण आले. डोंगरातलं एकही झाड नव्हतं; मध कुठल्यातरी दूरदेशाहून आलेला होता. भुंग्यानं डोळा आणखी बारीक केला, तेव्हा कणांच्या मधोमध तिळाहून कितीतरी बारीक, लांबट दाणे दिसले.

“बीजाणू,” आत्या हळूच म्हणाली. “रोगजंतू झोपी जातो, तेव्हा स्वतःभोवती असं टणक कवच करतो. मधात तो वर्षानुवर्षं झोपून राहतो. माणसानं खाल्ला तर काही होत नाही. पण माशी तोच मध अळीला भरवते आणि अळीच्या पोटात तो जागा होतो. या रोगाला अळीकुज म्हणतात. सपाटीवरच्या माश्या यानंच गेल्या.”

आजांनी बाटली हातात घेतली. अंगठ्यानं तो डोंगर पुसून बघितला, जणू तो निघून येईल.

“तुमी दरसाल येता,” ते म्हणाले, “आन् मला इचारता, आजा, औंदा कुठल्या फुलाचा? पेट्या कुठं ठिवल्या व्हत्या? दुकानात म्या एवढंबी इचारलं न्हाय. चित्र बगितलं.”

कोडं सुटलं होतं. ज्यानं सर्वांत जास्त जपलं, त्याच्याच माश्या मेल्या होत्या. तो जपत होता, त्या हातानंच.

पण काम संपलं नव्हतं. तीन पेट्या जिवंत होत्या. मी धावत जाऊन बघितलं, माश्या आत-बाहेर करत होत्या, पायांना परागाची पिवळी पुडकी लागलेली. आत्या मात्र पलीकडच्या खिंडीकडे बघत होती.

“पेटी कमजोर झाली,” ती म्हणाली, “की बाहेरच्या माश्या तिचा मध लुटायला येतात. आज या पेट्यांत येतील, आजारी मध घेऊन जातील. इथून पुढच्या पेटीत, तिथून पुढच्या खोऱ्यात. एकेक उडी दोन किलोमीटरची. पाच वर्षांत एकही खोरं उरणार नाही.”

“तिन्हींत हाय का त्ये?” आजांनी भुंग्याला विचारलं.

भुंग्यानं तिन्ही पेट्यांतले थेंब बघितले. “तिन्हींत आहे, ढेबे महोदय.”

“आजा, जिवंत आहेत त्या!” मी म्हणाले.

“म्हून तर सांजंपातुर थांबायचं,” आजा म्हणाले. “समद्या घरी येऊ देत. एक बी बाहेर ऱ्हायला नको.”

दुपारभर त्यांनी खड्डा खणला. आत्यानं फावडं मागितलं, त्यांनी दिलं नाही. मध्येच ते थांबले आणि त्यांनी फावडं टाकलं.

“रानाचा वाटा! रानातल्या माश्यांनी खाल्ला आसंल तर?” ते म्हणाले.

आम्ही वाडीमागे धावलो. शेंदरी दगडावर आठवड्यापूर्वीचं पळसाचं पान वाळून वळलं होतं. मधाचा टिपूसही नव्हता. स्वच्छ चाटलेलं.

“मुंग्यांनी खाल्ला असेल,” मी म्हणाले.

“असंल,” आजा म्हणाले. ते पान त्यांनी घडी करून खिशात घातलं.

दिवेलागणीला माश्या परतल्या. आजांनी तिन्ही पेट्यांची दारं ओल्या मातीनं लिंपली. आतला गुणगुणाट वाढत गेला. गंधकाचा धूर दिला तेव्हा तो आणखी वाढला, मग कमी होत होत थांबला. नंतर चौदाही पेट्या खड्ड्यात गेल्या. मेण जळताना फार सुंदर वास येतो. मला तो अजून सोसत नाही. शेवटी आजांनी खिशातलं पान काढून आगीत टाकलं.

त्यांनी पुन्हा पेटी ठेवली नाही. तरी दर वैशाखात आम्ही जात राहिलो, रिकाम्या बाटल्या घेऊनच. आजा बाटलीचा वास घेत आणि परत देत. “कारवी फुलंल तवा बगू,” म्हणत. कारवी सात वर्षांतून एकदा फुलते, आणि त्या फुलोऱ्याला अजून पाच वर्षं होती. चौथ्या वर्षी आजा गेले.

पाचव्या वर्षी, पावसाळा सरताना, सगळा डोंगर कारवीनं जांभळा झाला आणि आम्ही वेळंब्याला गेलो. मी चौदा वर्षांची होते. वाडीमागे उंबराच्या ढोलीतून गुणगुण ऐकू आली तेव्हा मी आधी विश्वासच ठेवला नाही. सातेरी माश्या होत्या. कुठून आल्या ते कळलं नाही. त्या पान चाटणाऱ्या माश्यांच्या नाती-पणत्या होत्या, की खिंडीपलीकडून आलेल्या, हे भुंग्यालाही सांगता आलं नाही.

आम्ही पोळ्याचा कोपरा कापला, बाकीचं ठेवलं. भुंग्यानं तासभर बघितलं.

“कारवी,” तो म्हणाला. “शंभरात एक्क्याण्णव. बीजाणू नाहीत.”

“पुन्हा बघ,” आत्या म्हणाली.

“तीनदा बघितलं, ताई.”

मी पळसाचं पान तोडलं. पहिला चमचा शेंदरी दगडावर ठेवला. तपासल्याशिवाय ठेवला नाही, आणि पुढेही कधी ठेवला नाही.

आता मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे आणि वेळंब्यातच राहते. माझ्या बावीस पेट्या आहेत. खाली सपाटीवरच्या दोन गावांनीही गेल्या वर्षी पेट्या मागून नेल्या. भुंग्याचा एक पाय गेलाय, डोळा शाबूत आहे. पावसाळ्यात मी माश्यांना त्यांचाच राखून ठेवलेला मध देते. वैशाखात मुलं बाटल्या घेऊन घाट चढून येतात. मध कुठल्या फुलाचा, पेट्या कुठे होत्या, हे त्यांनी मला विचारल्याशिवाय मी कुणाची बाटली भरत नाही.

परवा एका मुलीची बाटली मी ओढ्यावर परत धुवायला पाठवली. लोणच्याचा वास येत होता.