सुचिता, ३६.४.१८

पांढुर्ण्यात संत्र्यांची प्रतवारी करणारा प्रोग्राम आम्ही दोघंच विकायचो, मी आणि वीरेंद्र. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पायथन या संगणकी भाषेची वेगळी पेटी असायची. त्याला लागणाऱ्या लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे गठ्ठे, त्या पेटीतच; एका पेटीचा दुसरीशी संबंध नाही. सोबत एक यादी: लायब्ररीचं नाव आणि पुढे नेमक्या आवृत्तीचा आकडा. तो आकडा बांधला की लायब्ररी त्याच्यापुढे जात नाही. मी याद्या अर्धवट ठेवायचो आणि वीरेंद्र त्यावरून माझी यथेच्छ टिंगल करायचा.

पोळ्याच्या आठवड्यात तो अचानक गेला. आज दुपारी त्याच्या बायकोनं, प्रणालीनं, त्याचा लॅपटॉप आणून दिला.

"तेव्हापासून उघडलाच नाही, भाऊजी. तुमच्या कामाचा असंन तर पाहा."

ती गेल्यावर मी मोहगावच्या व्यापाऱ्याची पेटी उघडली. यादीच्या तळाशी एक नाव होतं: वीरेंद्र, ४१.२.९.

मला हसूच आलं. पठ्ठ्यानं स्वतःच्या नावाची लायब्ररी केली होती! मग सहज मोजलं. गेला त्या दिवशी तो एक्केचाळीस वर्षं, दोन महिने, नऊ दिवसांचा होता. मी पुन्हा मोजलं.

त्याच्याखाली आणखी एक ओळ होती. सुचिता, ३६.४.१८.

सुचिता माझी बायको. आज ती छत्तीस वर्षं, चार महिने, सतरा दिवसांची आहे.

मी ओळ खोडली. यादी पुन्हा मागवली, तर ओळ जागेवरच. नेट बंद केलं, तरी जागेवरच.

मग मी ३६.४.१९ मागितली.

उत्तर आलं, अशी आवृत्ती नाही. खाली उपलब्ध आवृत्त्या सरकत गेल्या, ०.०.१ पासून. ३६.४.१८ वर थांबल्या.

३७ मागितली. ५० मागितली. तेच उत्तर.

खरं सांगतो, मी भ्यालो. घरी फोन लावला.

"उद्या कुठी जाऊ नोको."

"काहून जी? रामाकोन्याले जाचं ठरलं ना, आईकडं."

"उद्या नोको म्हणतो ना! आईक माझं."



"बरं. मंग आत्ताच निघते. बस हाये आता. उद्या दुपारी वापस येऊन जाईन."

तिनं फोन ठेवला. मी लगेच परत लावला. नुसता वाजत राहिला.

तसाच गाडी काढून घरी पोचलो. दाराला कुलूप होतं. मी पुन्हा नंबर लावला.

फोन आत वाजत होता.