आयुबचा भोपळा

गुरुसिद्धप्पा मास्तरला बेंबळी गावाकडचं एकही माणूस माणसात जमा वाटत नसे. निजामाच्या अमलातला, सन चव्वेचाळीसचा उन्हाळा. उस्मानाबादच्या शाळेतली बारा पोरं घेऊन तो तिथल्या तळ्याकाठी तंबू ठोकून बसला होता, पोहायला शिकवायला. आणि स्वतः? गुडघ्याच्या वर पाण्यात कधी उतरलाच नव्हता! गळ्यात शिट्टी अडकवलेला नुसता उंटावरचा शहाणा.

त्या दिवशी जिल्ह्याचे तालुकदारसाहेब शिबिर बघायला यायचे होते, आणि नेमका सकाळी तरंगायला पोरांच्या पाठीला बांधायचा एक वाळका भोपळा फुटला. तो शिवलिंगचा. शिवलिंग म्हणजे मास्तरचा पुतण्या, बापावेगळा. आईनं मोठ्या विश्वासानं पदरात घातलेला. पण एक पोरगं काठावर बसलेलं दिसलं, तर साहेबासमोर नाक कापलं जाणार. मास्तरची नजर बाभळीला टांगलेल्या जुन्या भोपळ्यावर गेली.

पाणी आटलेल्या गाळात टरबुजं लावणारी म्हातारी सरदारबी धावत आली.

"मास्तर, हात लावू नका. माझ्या लेकाचा, आयुबचा हाय त्यो. इथं बुडालेल्याचा भोपळा काठालाच टांगतात... त्याच्या आधारानं त्याला वर यायचं असतंय. दुसऱ्या लेकराला बांधला, तर..."

"तर काय? भूत पोहायला येतंय व्हय? अडाणी कुठले!"

मास्तर पचकन थुंकला. भोपळा त्यानं शिवलिंगच्या पाठीला करकचून बांधला.

"काका, लई गार लागतोय..."

डोक्यावर बाराचं ऊन होतं, आणि भोपळ्याला ओल्या गाळाचा वास येत होता.

"नखरे पुरे. उतर!"

शिट्टी वाजली. मधोमध गेल्यावर शिवलिंग खाली गेला... पाणी हललं नाही... मग भोपळ्यासकट वर आला आणि सपासप हात मारत सगळ्यांच्या आधी काठाला लागला. कालपर्यंत पाण्यात पाय सोडायला भिणारं पोर!

"बघितलंस म्हातारे?" मास्तर खदाखदा हसला.

पोरगं त्याच्याकडं वळलंही नाही. सरळ सरदारबीसमोर जाऊन बसलं.

"अम्मा, भूक लगी."

म्हातारीनं एकदा तळ्याकडं बघितलं, एकदा पोराकडं. मग तिनं फडक्यातली भाकरी सोडली.

बांधावर साहेबाच्या मोटारीचा धुरळा उठला. मास्तरनं घाईघाईनं हजेरी सुरू केली. अकरा पोरं काठावरून 'हाजिर' म्हणाली.

"शिवलिंग!"

भाकरी खाणाऱ्यानं मान वर केली नाही.

"अरे, शिवलिंग!"

"हाजिर... काका..."

आवाज पाण्याखालून आला.