रोसामेलच्या वळणावरचे दिवे

शेगडीजवळ सरका, आणि तो मोबाइल खाली ठेव रे. ही ऐकीव गोष्ट नाही. नोल्बेर्तो माझा भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी.

गेल्या सालची नऊ ऑगस्टची रात्र, सान लोरेन्सोची जत्रा. सगळं गाव तिकडे लोटलेलं. नोल्बेर्तोची म्हातारी आई, एउलोहिया, खाटेवर एकटी, नाकात ऑक्सिजनची नळी. घरातला सिलिंडर फार तर पहाटेपर्यंत पुरणार. म्हणून नोल्बेर्तो आणि त्याच्या बायकोचा भाऊ वेन्सेस्लाओ खाली इकीके शहरातून नवा सिलिंडर घेऊन पिकअपनं घाट चढत होते.

टपावर सहा नवे दिवे. वेन्सेस्लाओनं त्याच दुपारी जोडलेले.

"बघा दाजी, रात्रीचा दिवस केला की नाही?"

"जास्तीचा करंट झेलायला मधे रिले बसवलास ना?"

"कशाला तो नसता खर्च? बॅटरीतून थेट वायर, मधे बटण. दहा गाड्यांना असंच केलंय."

"आणि त्या दहा गाड्या आता कुठे आहेत?"

दोघं हसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय!

मग रोसामेलचं वळण आलं. रोसामेल म्हणजे मागे इथंच गेलेला एक ड्रायव्हर. समोरच्या ट्रकनं झगझगीत दिवे मारले, बिचाऱ्याचे डोळे दिपले आणि तो दरीत गेला, तिथं आता त्याच्या नावाचं देवळीएवढं पत्र्याचं घरकुल आहे. आपल्याकडचा कुणीही तिथं दिवे मंद करतो, एकदा हॉर्न देतो आणि गुमान पुढे जातो. नोल्बेर्तोनं टपावरचे दिवे घालवायला बटण दाबलं.

दिवे चालूच.

पुन्हा दाबलं. सगळा उजेड त्या घरकुलावर.

"बटण आतून चिकटलं वाटतं," वेन्सेस्लाओ पुटपुटला. "करंट झेपला नाही त्याला."

"मुडद्या, तरी मी विचारत होतो!" नोल्बेर्तोनं गाडी थांबवली, किल्ली काढली. तरी दिवे जळतच. त्या घाईत वेन्सेस्लाओनं डॅशखालचे फ्यूज ओरबाडून काढले, ते हातातून निसटून पायाखाली सांडले. दिवे काही जाईनात. त्यांची वायर थेट बॅटरीची, तिला फ्यूज कुठला! बंद पडल्या त्या बटणावर चालणाऱ्या खिडक्या, आणि गाडीही. आणि त्या पिकअपची दारं आतून उघडतच नव्हती, वर्षभर मोडलेली. काच खाली करायची, हात बाहेर काढायचा, तेव्हा बाहेरून दार उघडायचं.

आता काच हलेना. टाचेनं हाणली. फुटेना.

"दाजी... समोर."

घरकुलापाशी माणूस उभा होता. डोळ्यांवर आडवा हात धरून.

"जत्रेचा असेल कुणी," नोल्बेर्तो म्हणाला. त्याला स्वतःलाच ते खरं वाटलं नाही.

त्यांनी खाली वाकून फ्यूज चाचपले. मान वर केली. माणूस जवळ आलेला. चालताना दिसला नव्हता. हात तसाच.

पुन्हा वाकायची हिंमत होईना.

पापणी लवली... आणखी जवळ.

काचा आतून धुरकटल्या. श्वास कोंडला. मागे सिलिंडर. वर गावात आई.

मग बॉनेटला टेकलेला. हात तसाच...

"रोसामेल," नोल्बेर्तो रडतच म्हणाला, "चुकलो रे बाबा. जाऊ दे आम्हाला. घरी आई एकटी आहे."

माणसानं मान तिरकी केली. जणू नीट ऐकत होता.

"आई..." नोल्बेर्तो म्हणाला. "एकटीच आहे."

दिवे गेले. सगळे, एकदम.

समोर कुणी नव्हतं. चाचपडून फ्यूज सापडले, जागेवर बसवले, गाडी सुरू झाली, आणि नोल्बेर्तोनं वाटभर देवाचे आभार मानले.

तांबडं फुटताना मी जत्रेतून परतत होतो. सिलिंडर उतरवायला मीच हात दिला. आत गेलो. खोलीत दिवा नाही, खिडकीवर जाड घोंगडी. म्हातारी जिवंत होती, देवाची कृपा! पण डोळ्यांवर आडवा हात घट्ट धरलेला.

"घालवा रे ते दिवे," ती कण्हत होती. "किती वेळ मारताय डोळ्यांवर..."

नोल्बेर्तोनं नळी जोडली. हळूच तिचा हात खाली घेतला.

चार महिने त्या बाईनं ऊन पाहिलं नव्हतं. तोंड करपून लालबुंद झालेलं. आणि डोळ्यांवरून आडवा, मनगटाएवढा पट्टा... पांढराफटक.