वीस मिनिटांवरचा मुलगा

नागपूर ते टोरांटो हे अंतर पूर्वीइतकंच, बारा हजार किलोमीटरांचं होतं. प्रवासाला मात्र आता वीस मिनिटं लागत. त्यामुळे ढोमण्यांच्या घरात बारसं असो, साखरपुडा असो की नुसती हुरडा पार्टी, "निलयला बोलवा, वीस मिनिटांवर तर आहे पोरगा," असं म्हणायची रीतच पडली होती. न येण्याला सबब उरली नव्हती, आणि निलय भिडस्त. परवा तर तो मावसबहिणीच्या डोहाळजेवणालाही आला. तिथे पुरुषाचं काय काम, हे कुणी विचारलं नाही.

आज तो परत निघाला होता. आई शशिकलाबाई पोचवायला विमानतळावर आल्या होत्या. तो सामान द्यायला गेला, तेवढ्यात तिथे प्रवाशांची तपासणी करणाऱ्या शास्त्रज्ञ डॉ. गौरी तिडके यांनी बाईंना बाजूला घेतलं.

"काकू, निलयचं वय काय?"

"चौतीस. केस लवकर पिकले त्याचे. बापावर गेला."

"शरीर पन्नाशीचं झालंय त्याचं."

"काय सांगून राहिल्या तुम्ही?"

डॉक्टरांनी समजावलं. हे विमान काही अचाट वेगाने पळत नाही, आतल्या घड्याळाने बघितलं तर सायकलच्या चालीनेच जातं. त्याच्या आतला काळ भरभर चालवतात. बाहेर वीस मिनिटं होतात, तेवढ्यात आत दोन महिने सरतात. प्रवाशाला झोपवलेलं असतं, म्हणून त्याला कळत नाही. शरीर मात्र तेवढं म्हातारं होतं. या झिजेला 'देहकाल' म्हणत. तो तिकिटावर छापलेला असे. बाईंनीही वाचला होता. पोटच्या पोराने आईसाठी दोन महिने दिले तर बिघडलं कुठे, असंच त्यांना वाटलं होतं. बेरीज कुणीच केली नव्हती.

"असंच चाललं तर तीन-चार वर्षांत तो तुमच्यापेक्षा म्हातारा दिसेल."

"अगं बाई! मग त्याला सांगा नं!"

"सांगितलं. म्हणतो, आईला नाही म्हणवत नाही."

"मी सांगते, येऊ नको म्हणून."

"मागे एकदा दगदग नको म्हणून सांगितलं होतंत, असं तोच म्हणाला. तरी आलाच."

बाईंना पूर्वीचं आठवलं. पूर्वी लांब आहे म्हटलं की भागायचं. आता भांडणाशिवाय माणसाला दूर ठेवायचं कसं?

निलय परतला. बाईंनी पिशवीतून त्याने आणलेली साडी काढली. जाताना फॉल-पिकोला टाकायची म्हणून त्यांनी ती बरोबर घेतली होती.

"ही परत घेऊन जा."

"का गं? रंग नाही आवडला?"

"मिरवायला येतोस तू. बाप आजारी होता तेव्हा कुठे होतास?"

"आई, तेव्हा ही विमानं तरी होती का?"

"माझ्या दारात पुन्हा पाय ठेवू नको!"

त्याने साडी घेतली आणि मागे न पाहता गेला.

"फार दुखावला हो तो," डॉक्टर म्हणाल्या.

"दुखू द्या. वय तरी राहील त्याचं." एवढं बोलून बाई खुर्चीत बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या.

अर्ध्या-पाऊण तासाने त्या उठत होत्या, तोच फोनवर निलयचा निरोप आला. "आई, पोचलो. पण असं भांडून मला राहवणार नाही. पाया पडायला येतोय. इथूनच उलट्या विमानात बसलो."

"नको रे, नको येऊस!" बाई फोनवर ओरडल्या. पण पलीकडे त्याला केव्हाच झोपवलं होतं.