भीमेकाठची जळालेली मोटर

वडगाव रासाईहून फोन आला, तेव्हा फौजदार अनुपमा गव्हाणे शिरूरच्या ठाण्यात नुकत्याच टेकल्या होत्या. भीमेवरच्या पाणी योजनेची मोटर जळाली होती. शेवंती ऐन कळीत, आणि पाणी बंद.

गावात शिरताना सगळी शेततळी तळाला गेलेली दिसली. एकच काठोकाठ भरलेलं होतं.

पंपघरापुढं माणसं खवळून उभी होती. मधे अपेक्षा, योजनेच्या कॉम्प्युटरवर काम करणारी मुलगी. योजनेचे अध्यक्ष हौसराव यांनी तिला सगळ्यांदेखत गावाची वैरीण ठरवलं होतं.

नदीचं पाणी खाली गेलं की योजनेचा प्रोग्राम मोटर थांबवायचा. अपेक्षानं शिकायला म्हणून नेटवरून दुसरा, पायथन भाषेतला प्रोग्राम उतरवला होता. त्यात मोटर चालायची, पण पाणी आहे का हे तपासलं जात नव्हतं. कुणीतरी तोच चालवला. मोटर कोरडी फिरली आणि जळाली. उतरवला मी, चालवला नाही, एवढंच अपेक्षा म्हणत होती.

साक्षीदार एकच, हौसरावांचा पुतण्या सत्यजीत. पंपघरातला हा लिनक्सवर चालणारा कॉम्प्युटर त्यानंच बसवलेला.

"काय पाहिलंस?" अनुपमाबाईंनी विचारलं.

"तिनं फायलीवर डबल-क्लिक केलं, मॅडम. लगीच मोटर सुरू झाली."

"काही टाइप केलं?"

"न्हाई. मी दारातच हुतो."

मोटर जळालेलीच होती, भीती नव्हती. अनुपमाबाईंनी फायलीवर डबल-क्लिक केलं. पडद्यावर नुसता मजकूर उघडला. मग त्यांनी अपेक्षाला प्रोग्राम चालवून दाखवायला बसवलं. तिनं टर्मिनलची काळी खिडकी उघडली, डाउनलोडच्या फोल्डरात गेली, पायथनची आज्ञा आणि पुढं फायलीचं नाव टाइप केलं. परवानगी नाही, असं उत्तर आलं. मोटरपर्यंत पोचायला ॲडमिनचा पासवर्ड लागत होता.

"तो कुणाला ठाऊक आहे?"

"एकट्या सत्यजीतला," हौसराव म्हणाले.

अनुपमाबाई सत्यजीतकडं वळल्या. "डबल-क्लिकनं हा प्रोग्राम चालत नाही, म्हणजे तू काही पाहिलंच नाहीस. पासवर्ड हिच्याकडं नाही, म्हणजे हिनं चालवला नाही. नदी आटली, योजनेचा प्रोग्राम पाणी देईना, म्हणून हिचा वापरून उरलंसुरलं पाणी मोटर जळेपर्यंत ओढलंस. ते भरलेलं शेततळं कुणाचं, सत्यजीत?"

गर्दीतून कुणीतरी उत्तर दिलं, "त्याचंच हाय."

त्याला गाडीत बसवल्यावर हौसराव अपेक्षाजवळ आले. झालं गेलं इसर, उद्यापासनं कामावर ये, असं हळूच म्हणाले.

"आबा," ती म्हणाली, "मला वैरीण म्हणताना तुमचा आवाज नदीपल्याडच्या राहू गावापतोर गेला आसंल. आता बी तेवढ्याच आवाजात बोला."

गर्दी हलेना. हौसरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि लोकांकडं तोंड केलं.