मागची रिकामी होडी

पटो न पटो, हे माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. यंदाच्या यात्रेहून परतत होतो. संध्याकाळ. आमच्याच बंदराचं तोंड.

आमच्याकडे वर्षातून एकदा सगळ्या होड्या बेटावरच्या देवाला जातात. फार पूर्वी परतताना धुकं पडलं आणि एक होडी आलीच नाही. माणसांसकट गेली. तेव्हापासून शेवटच्या होडीमागे एक रिकामी होडी बांधून न्यायची. राहिलेल्यांना घरी आणायला. दोर सोडायचा तो धक्क्याला लागल्यावरच.

हे काम आमच्या घराकडे. म्हणजे काकाकडे.

जाताना ती होडी कागदासारखी हलकी असते. येताना मात्र...

इंजिन धापा टाकतं.

यंदा काका पार थकला होता. कंबर गेलेली, इंजिनही त्याच्याच वयाचं. बंदर दिसायला लागलं आणि इंजिनातून धूर निघाला.

"काका, जळेल हे!"

"जळलं तर वर्षभर खायचं काय? तुझं डोकं?"

तो मागे गेला. दोरावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

"बाबांनो, जन्म गेला तुम्हाला ओढण्यात. आता पुरे."

आणि त्यानं दोर सोडला.

ती होडी मागे राहिली. लाटेवर नाचत.

मी म्हटलं, सुटलो एकदाचे.

पण इंजिनाचा आवाज बदलला नाही...

तीच धाप.

मी वाकून पाहिलं. पाणी आमच्या होडीच्या काठाला टेकलं होतं. मासळी नाही, बर्फ नाही. आम्ही दोघंच.

"काका, पाणी शिरतंय का?"

त्यानं तळाची फळी उचलली. आत हात फिरवला.

कोरडं...

मग माझ्याकडे न बघता हळूच म्हणाला, "जरा सरकून बस."

धक्क्यावर काकू उभी होती. "अगं बाई, एवढं काय भरून आणलंत?"

काकानं होडी धक्क्याला बांधली.

होडी अजून तशीच खोल बसलेली आहे. मिस्त्रीनं दोनदा तपासली. म्हणाला, काही दोष नाही.

काका आता समुद्रावर येत नाही. धक्क्यावर बसून होडीशी बोलतो.

"उतरा की आता. आलं घर."

कोणी उतरत नाही.

उद्यापासून होडी मी न्यायची आहे. चूल तर पेटायला हवी.

फक्त आत पाय कुठे ठेवायचा, तेवढं कळत नाहीये...